पाण्यानें थंड होणारा संगणक तापतो कां?

गोंदिया जिल्ह्यांत वैशाखाच्या अखेरीस दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन टेकतो. खिडक्यांना लावलेले गवताच्या ताट्यांचे कूलर घरघरत असतात, ओसरीवरच्या माठाला ओला कपडा गुंडाळलेला असतो, आणि त्याच वेळीं घरांतील एखाद्या खोलींत, कांचेच्या पेटींत रंगीत दिवे लावून मांडलेला एक बलाढ्य संगणक आपल्या मालकास कळवीत असतो कीं, प्रोसेसरचें तापमान ९५ अंशांवर गेलें आहे. खेळ मध्येंच अडखळूं लागतो, पंखे ओरडूं लागतात, आणि केव्हां केव्हां यंत्र आपोआप बंद पडतें. आश्चर्य याचें वाटतें कीं, हा संगणक साधा नसून पाण्यानें थंड केलेला असतो. त्याचा पंप, त्याच्या नळ्या, त्याचा रेडिएटर हें सारें एकेक पारखून आणलेलें असतें, आणि साध्या पंख्याच्या अनेक पट खर्च त्यावर झालेला असतो. घरांतील वडील माणसें मग साहजिकच विचारतात कीं, पाणी असून हें तापतें कसें?

या प्रश्नाचें मूळ पाण्याविषयींच्या एका जुन्या, आणि एरवीं बरोबर असलेल्या, समजुतींत आहे. माठांतील पाणी खोलींतील हवेपेक्षां थंड असतें. कारण माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी बाहेर येऊन वाळतें, आणि वाळतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता लागते. उलट एक लिटर पाणी दहा अंशांनीं तापविण्यास ४२ किलोज्यूल पुरतात. म्हणजे हिशेबानें पाहतां, एक पेला पाणी वाळून गेलें तर सत्तावन्न पेले पाणी दहा अंशांनीं निवूं शकतें. कूलरचें तत्त्व हेंच. जिल्ह्यांतील सर्वांत मोठें शीतकार्यही याच तत्त्वावर चालतें. तिरोडा येथील औष्णिक वीजकेंद्रांत प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पांच संच २०१२ ते २०१४ या काळांत सुरू झाले. टरबाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचें पुन्हां पाणी करण्यासाठीं जें थंड पाणी फिरवावें लागतें, तें तापून शीतमनोऱ्यांत येतें, तेथें त्याचा कांहीं भाग वाळतो आणि उरलेलें निवून परत कामाला जातें. मनोऱ्यावरचा पांढरा लोट हा धूर नव्हे; ती वैनगंगेच्या पाण्याची वाफ होय. ओसरीवरचा माठ, खिडकींतला कूलर आणि तिरोड्याचा मनोरा हीं एकाच कुळांतील भावंडें आहेत.

संगणकांतील पाणी या कुळांतलें नाहीं. तें बंद नळ्यांतून फिरतें. तें वाळत नाहीं आणि वाळतां कामाही नये. त्यामुळें खोलींतील हवेपेक्षां तें कधींही थंड होऊं शकत नाहीं. त्याचें काम उष्णता नाहींशी करण्याचें नसून ती केवळ वाहून नेण्याचें आहे. रेल्वेच्या स्टेशनावरील हमाल ओझें एका फलाटावरून उचलून दुसऱ्या फलाटावर ठेवतो. ओझें कमी करीत नाहीं. पाणी तसेंच प्रोसेसरपाशीं उष्णता उचलतें आणि रेडिएटरपाशीं हवेच्या स्वाधीन करतें. हवाच ४२ अंशांची असेल तर पाणी त्याहून अधिकच असणार, आणि प्रोसेसर पाण्याहून अधिक. एवढी गोष्ट पक्की ध्यानांत आली म्हणजे तापलेल्या संगणकाची निम्मी चिकित्सा झाली असें समजावें; कारण पुष्कळ तरुण येथेंच घसरतात, आणि दोष नसलेल्या जागीं पैसा ओततात.

प्रोसेसर इतका तापतो कां, हें घरांतील इस्तरीशीं तुलना करून पाहण्यासारखें आहे. एक हजार वॅटच्या इस्तरीचा तळ सुमारें दोनशें चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पांच वॅट. खेळांसाठीं घेतल्या जाणाऱ्या एखाद्या उच्च प्रतीच्या प्रोसेसरमध्यें अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या चकतींत पूर्ण कामाच्या वेळीं अडीचशें वॅटपर्यंत वीज जिरते; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅट. इस्तरीच्या वीसपट दाटीनें निर्माण होणारी ही उष्णता नखाएवढ्या जागेंतून बाहेर काढावयाची असते. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ मध्यें बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांतही प्रोसेसरला द्रव भिडवूनच उष्णता काढण्याची योजना आहे. तेव्हां गोंदियांतील मुलाच्या टेबलावरील हा खटाटोप म्हणजे निव्वळ हौस असें म्हणून उडवून लावतां येणार नाहीं.

उष्णतेचा प्रवास असा होतो. सिलिकॉनच्या चकतीवर धातूचें झांकण असतें. त्या झांकणावर लेपाचा पातळ थर, ज्याला बाजारांत थर्मल पेस्ट म्हणतात. लेपावर तांब्याचा ठोकळा, म्हणजे वॉटर ब्लॉक. ठोकळ्याच्या पोटांत अत्यंत बारीक खांचा, आणि त्या खांचांतून वाहणारें पाणी. येथपर्यंत प्रवासाचा पहिला टप्पा. तें पाणी पुढें रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून जातें, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांतून पंखे हवा ढकलतात, आणि उष्णता खोलींत जाते. हा दुसरा टप्पा. यंत्र कोणत्याही कंपनीचें असो, त्याला हे दोनच टप्पे असतात, आणि दोष शोधावयाचा तो कोणत्या टप्प्यांत आहे हें आधीं ठरवावयाचें असतें. पडद्यावर दिसणारा ९५ हा आंकडा तें सांगत नाहीं. तें सांगतात दोन वजाबाक्या: प्रोसेसरच्या तापमानांतून पाण्याचें वजा केलें म्हणजे पहिलें अंतर मिळतें, आणि पाण्याच्या तापमानांतून खोलींतील हवेचें वजा केलें म्हणजे दुसरें.

प्रोसेसरचें तापमान एचडब्ल्यूइन्फोसारखी फुकट मिळणारी प्रणाली दाखविते. हवेचें तापमान भिंतीवरच्या तापमापकावरून घेऊं नये. रेडिएटरमध्यें हवा जेथून शिरते तेथें, वीतभर अंतरावर, तापमापक ठेवून घ्यावें, कारण टेबलाच्या खालीं भिंतीला टेकविलेल्या पेटीजवळची हवा खोलीपेक्षां सहज चार-पांच अंशांनीं तापलेली असते. पाण्याचें तापमान मोजण्याचा खिळा कांहीं संचांत बसविलेलाच असतो. नसेल तर माशांच्या पेटीसाठीं मिळणारा, तारेच्या टोंकाला संवेदक असलेला स्वस्त तापमापक आणावा, त्याचें टोंक रेडिएटरच्या धातूच्या कडेला, जेथें पाण्याची नळी जोडली आहे तेथें, चिकटपट्टीनें बसवावें, आणि वरून कापसाचा बोळा दाबून हवेपासून झांकावें. मग यंत्रावर पूर्ण भार टाकून अर्धा तास थांबावें. अर्धा तास एवढ्यासाठीं कीं, पाणी सावकाश तापतें. संचांत सुमारें एक लिटर पाणी असलें आणि त्यांत अडीचशें वॅट उष्णता येत असली, तर रेडिएटरनें कांहींच काम न केल्यास तें सतरा सेकंदांना एक अंश या वेगानें चढेल. प्रत्यक्षांत रेडिएटर काम करीत असल्यानें ही चढण मंदावत जाते आणि कांहीं वेळानें पाणी एका आंकड्यावर स्थिर होतें. तो स्थिर आंकडाच घ्यावयाचा.

चांगल्या जुळलेल्या संचांत पूर्ण भाराच्या वेळीं पाणी हवेपेक्षां दहा अंशांच्या आसपास वर असतें, आणि मोठा प्रोसेसर पाण्यापेक्षां पस्तीस ते चाळीस अंश वर असतो. खोली ३० अंशांची असतांना पाणी ४०, प्रोसेसर ७५ ते ८०. तोच संच, त्याच स्थितींत, मे महिन्यांत कूलर बंद असलेल्या ४२ अंशांच्या खोलींत ठेवला म्हणजे पाणी ५२ वर आणि प्रोसेसर ९० वर जातो. दोन्ही वजाबाक्या जशाच्या तशा राहिल्या आहेत. अशा वेळीं नवा रेडिएटर घेणें, लेप बदलणें किंवा पंप बदलणें म्हणजे तापमापकाला दोष देऊन तो फोडण्यासारखें आहे. येथें कूलर सुरू करून खोली ३० अंशांवर आणणें हाच उपाय, आणि तो घरांत आधींच आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेंत कूलर उत्तम चालतो; संगणकाला जें वाळण्याचें सामर्थ्य नाहीं तें कूलर त्याच्या वतीनें वापरतो. मात्र कूलरचा झोत थेट पेटीवर सोडूं नये. त्या झोताबरोबर कधीं कधीं पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात, आणि बोअरच्या पाण्याचे असले तर मागें क्षाराचा पांढरा थर ठेवून जातात. तो थर ताट्यांवर कसा सांचतो हें विदर्भांतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

आतां वजाबाकी बिघडलेली आढळली तर काय, याचा विचार करूं. पहिलें अंतर वाढलें असेल, म्हणजे पाणी ४० वरच आहे पण प्रोसेसर ९५ वर गेला आहे, तर रेडिएटरकडे पाहण्याचें कारण नाहीं. दोष प्रोसेसर आणि पाणी यांच्या मधल्या बोटभर जागेंत आहे. या दोषाची आणखी एक खूण वेळेची आहे. भार टाकतांच एक-दोन सेकंदांत आंकडा ९५ वर उडी मारतो आणि भार काढतांच तितक्याच त्वरेनें खालीं कोसळतो. उष्णतेला दारांतच अडथळा असल्यामुळें पाण्याला तापण्याची सवडही मिळालेली नसते.

या अडथळ्याचें सर्वांत साधें, आणि सांगतांना हंसूं यावें असें, कारण म्हणजे ठोकळ्याच्या तळाला चिकटविलेली पारदर्शक कागदासारखी पातळ पट्टी काढावयाची राहून जाणें. हें नवशिक्याच्याच हातून होतें असेंही नाहीं. त्याखालोखाल येतो लेप. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. तांबें हवेपेक्षां सुमारें पंधरा हजारपट चांगली उष्णता वाहतें. तेव्हां केसाएवढी हवेची पोकळीसुद्धां भिंतीसारखी आड येते. लेपाचें काम ती हवा हांकलून देण्याचें आहे, एवढेंच. पुष्कळजण लोण्यासारखा जाड थापतात. पण लेप हा तांब्यापेक्षां फार मंद वाहक असल्यानें जाड थर हा स्वतःच अडथळा होतो. मध्यभागीं वाटाण्याएवढा ठिपका ठेवून ठोकळा सरळ दाबला म्हणजे तो आपोआप पसरतो. आडवा मोठा प्रोसेसर असल्यास कोपऱ्यांकडे आणखी लहान ठिपके द्यावे.

ठोकळ्याचे स्क्रू आवळण्याची रीतही महत्त्वाची आहे. एका कोपऱ्याचा स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलें म्हणजे ठोकळा एका अंगाला कलतो आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. पिंपाचें झांकण बसवितांना जसें समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे दाबीत जातात, तसे कोनाकोनी, अर्धा अर्धा फेरा देत आवळावे. ठोकळा उचलून पाहिला असतां लेप मध्यावर पातळ आणि सर्वत्र सारखा पसरलेला दिसला पाहिजे. एका बाजूला जाड आणि एका बाजूला कोरा दिसला तर चोर सांपडला. इंटेल कंपनीनें २०२१ मध्यें आणलेल्या एलजीए १७०० या बैठकीविषयीं एक वेगळी तक्रार पुष्कळ झाली. तिची पकड प्रोसेसरच्या लांबट झांकणाला मध्यें किंचित वांकविते, त्यामुळें ठोकळा सगळीकडे सारखा टेकत नाहीं. त्यासाठीं निराळी चौकट मिळते. परंतु ती बसविण्यापूर्वीं साधे उपाय करून पहावे. त्या चौकटीचे स्क्रू अवाजवी आवळल्यास स्मृतिपट्ट्या, म्हणजे रॅम, नीट ओळखल्या न जाण्याचें नवेंच दुखणें मागें लागतें.

लेप चांगला, बैठक चांगली, तरीही पहिलें अंतर मोठें असेल तर ठोकळ्याच्या पोटांत पाहावें लागतें. त्यांतील खांचा अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतात. साऱ्या संचांत इतकी अरुंद वाट दुसरी नसल्यामुळें, पाण्यांत जें जें तरंगतें तें तें येथें येऊन अडकतें. ठोकळा हा न मागतां मिळालेला गाळणाच बनतो. नव्या रेडिएटरमधून जोडकामाच्या वेळचे अवशेष येतात, कारण तो बसविण्यापूर्वीं धुतलेला नसतो. मऊ प्लास्टिकच्या नळ्यांतून तिला मऊपणा देणारें द्रव्य झिरपून चिकट थर धरतो. दुधासारखे दिसणारे रंगीत द्रव दिसायला मोहक, पण त्यांतील रंगाचे कण कालांतरानें खालीं बसतात. आणि औषध न घातलेल्या पाण्यांत, विशेषतः उजेडांत ठेवलेल्या पारदर्शक नळ्यांत, शेवाळ धरतें. तलावांच्या या जिल्ह्यांत शेवाळाची ओळख कोणास करून द्यावयास नको. नळाचें किंवा बोअरचें पाणी भरलेलें असल्यास क्षार धरतात तो दोष निराळाच. तांब्याचा ठोकळा आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यांत नांदविले म्हणजे विद्युत्-रासायनिक क्रियेनें अॅल्युमिनियम झिजूं लागतें व त्याचा चुराही याच खांचांत येतो. स्वस्तांत मिळालेला रेडिएटर घेण्यापूर्वीं तो कोणत्या धातूचा आहे हें म्हणूनच विचारावें. सफाई करतांना ठोकळा उघडून मऊ दांतघांशीनें व शुद्ध पाण्यानें खांचांच्या दिशेनें घासावा. व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचा मोह होतो. पण तांब्यावर निकेलचा मुलामा असेल तर आम्लानें तो खराब होतो. आंतील रबरी कडें पुन्हां आपल्या खांचेंत बसलें आहे ना, हें दोनदां पाहावें. एकदां पुरत नाहीं.

पाण्याचा प्रवाह मंदावण्याची गोष्ट यालाच जोडून येते, आणि तिच्यांत थोडी गंमत आहे. ठोकळ्यांत जाणारी नळी आणि बाहेर येणारी नळी यांच्या तापमानांत पुष्कळ फरक असावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आंत थंड, बाहेर गरम. प्रत्यक्षांत मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल तर अडीचशें वॅट उष्णतेनें तें एक अंशही तापत नाहीं. मिनिटाला एक लिटर असेल तर साडेतीन अंश. यास्तव आधीं प्रोसेसर कीं आधीं ग्राफिक्स कार्ड, या नळ्यांच्या क्रमावर तासन् तास चालणारे वाद निरर्थक आहेत. उलट दोन नळ्यांत दहा अंशांचा फरक लागला तर समजावें कीं प्रवाह मिनिटाला जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या लिटरवर आला आहे, आणि पंप किंवा वाट यांत कांहीं तरी गंभीर बिघाड आहे. पंप पूर्ण थांबला असेल तर खूण याहूनही स्पष्ट असते: प्रोसेसर ओरडतो आहे, त्याच्याजवळची नळी चटका देते, आणि रेडिएटर मात्र हाताला गार लागतो. ओझें पहिल्या फलाटावर पडून आहे; हमाल आलाच नाहीं.

पंप थांबण्याचीं कारणें बहुधा क्षुल्लक असतात. विजेची जोडणी सैल होणें. मदरबोर्डावर त्याची तार पंख्याच्या जागीं लावल्यामुळें यंत्र त्यालाही पंखा समजून मंद फिरविणें. टाकींतील पाणी हळूहळू कमी होऊन पंपांत हवा शिरणें. नळ्यांच्या भिंतींतूनही पाणी महिनोगणती अगदीं सूक्ष्म प्रमाणांत निसटत असतें, म्हणून टाकीची पातळी पाहण्याची सवय ठेवावी. पंपांतून खडे दळल्यासारखा आवाज येऊं लागला तर आंत हवेचा बुडबुडा अडकला आहे असें समजून, यंत्र बंद करून पेटी इकडे तिकडे कलवावी आणि बुडबुडे टाकीकडे जाऊं द्यावे. कोरडा पंप क्षणभरही चालवूं नये. त्याला वंगण पाण्याचेंच असतें. आणखी एक कारण असें कीं, पुष्कळ ठोकळ्यांना पाणी आंत येण्याचें भोंक व बाहेर जाण्याचें भोंक ठराविक असतें. नळ्या उलट लागल्या तरी पाणी वाहतें, सारें ठीक दिसतें, आणि प्रोसेसर मात्र कांहीं अंश अधिक तापत राहतो.

दुसरें अंतर वाढलेलें असेल, म्हणजे पाणीच हवेपेक्षां वीस-पंचवीस अंश वर गेलें असेल, तर लेपाला हात लावूं नये. येथें चढण सावकाश असते: खेळ सुरू केल्यावर पहिलीं दहा मिनिटें सुखाची जातात आणि मग आंकडा टप्प्याटप्प्यानें वर सरकतो. गोंदियांत या दोषाचें पहिलें संशयित कारण धूळ. हा धानाचा मुलूख. शहरांत व आसपास भाताच्या गिरण्या आहेत, आणि कोंड्याची बारीक धूळ हवेंत असते. कूलर बाहेरची हवा खेंचतो आणि तिच्याबरोबर तीही. दमट हवेंत ती रेडिएटरच्या पत्र्यांवर बसून नमद्यासारखा थर धरते. बाहेरून पंखे स्वच्छ दिसतात. थर पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटींत असतो, म्हणून पंखा सोडवून पाहिल्यावांचून कळत नाहीं. साफ करतांना हवा ज्या बाजूनें नेहमीं शिरते त्याच्या उलट बाजूनें फुंकावी, आणि पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं.

धूळ नसेल तर हवेची वाट पाहावी. एक सोपा प्रयोग असा: पेटीची बाजू उघडून तोच भार पंधरा मिनिटें चालवावा. तापमान पांच अंशांनीं किंवा अधिक उतरलें तर पाण्याच्या संचांत दोष नसून पेटी गुदमरलेली आहे. पुढची बाजू अखंड कांचेची असणें, पेटी कपाटांत ठेवलेली असणें, किंवा वरच्या रेडिएटरला ग्राफिक्स कार्डानें आधींच तापविलेली हवा मिळणें, ही त्याची कारणमीमांसा. पंखा उलटा बसलेला असला तरी असेंच होतें. त्याच्या चौकटीवर बाणाची खूण असते, आणि कागदाचा कपटा जवळ धरला तरी हवा कोणीकडे जाते तें दिसतें. रेडिएटर मुळांतच लहान असण्याचीही शक्यता असते. ठोकळ अंदाज असा कीं, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटरचा भाग, पाणी हवेपेक्षां दहा अंश वर असतांना, शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून सहाशें वॅट असतील आणि रेडिएटर दोन पंख्यांचा असेल, तर पाणी तीस अंशांनीं वर जाणारच.

ही गोष्ट उन्हाळ्यांत केवळ गैरसोयीची नसून धोक्याची आहे. घरगुती संचांत फार वापरला जाणारा डी-५ जातीचा पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठीं बनविलेला आहे, आणि कडक प्लास्टिकच्या नळ्याही अधिक गरम पाण्यानें मऊ पडूं लागतात. जोडाच्या ठिकाणीं मऊ पडलेली नळी म्हणजे चालू मदरबोर्डावर पाणी. हिवाळ्यांत २० अंशांच्या खोलींत दुसरें अंतर वीस अंश असलें तरी पाणी ४० वर राहतें आणि कोणास कांहीं कळत नाहीं. तोच संच मे महिन्यांत ४३ अंशांच्या खोलींत ६३ वर जातो. यास्तव वजाबाकी हिवाळ्यांतच करून ठेवावी. दोष तेव्हांही असतो, फक्त लपलेला असतो.

दोन्ही अंतरें ठीक, खोलीही थंड, तरीही आंकडा ९५? मग बहुधा पाण्याचा प्रश्न संपला आणि विजेचा सुरू झाला. एएमडी कंपनीनें २०२२ मध्यें आणलेल्या रायझेन ७००० मालिकेचे मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखालीं ९५ अंशांपर्यंत चढून तेथेंच काम करीत राहावे अशाच हेतूनें रचलेले आहेत. त्यांचा तो आंकडा पाहून संच खोलणें व्यर्थ. इंटेलच्या कोअर आय-९ १३९००के या प्रोसेसरला कंपनीनें घातलेली वरची मर्यादा २५३ वॅटची, पण कित्येक मदरबोर्ड ती मूळच्याच मांडणींत शिथिल करून ठेवीत. शिवाय त्या कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांना गरजेपेक्षां अधिक व्होल्टेज मिळून ते अस्थिर होतात असें २०२४ मध्यें उघडकीस आलें. कंपनीनें त्यावर सुधारणा काढली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. तेव्हां मदरबोर्डाची मूळ आज्ञावली, म्हणजे बायॉस, नवी करून घेणें आणि वॅटची मर्यादा बेताची ठेवणें हा उपाय बिनखर्चाचा आहे. खेळांत प्रोसेसरची सारी शक्ति क्वचितच लागत असल्यामुळें, मर्यादा १८० वॅटवर आणली तरी खेळणाऱ्यास फरक बहुधा जाणवत नाहीं.

बर्फाविषयीं मात्र निक्षून सांगितलें पाहिजे. टाकींत बर्फाचे तुकडे टाकून आंकडा खालीं आणल्याची बढाई मारणारीं मुलें असतात. पाणी खोलीच्या हवेहून थंड झालें म्हणजे तें माठाच्या कुळांत शिरतें. पावसाळ्यांतील दमट हवेंत थंड तांब्याच्या पेल्यावर जसे थेंब धरतात, तसे ते ठोकळ्यावर आणि नळ्यांवर धरतात व मदरबोर्डावर ओघळतात. रेडिएटरनें निवविलेल्या पाण्यानें असें कधींच होत नाहीं, कारण तें हवेच्या खालीं जातच नाहीं. त्याचें जें न्यून म्हणून वर सांगितलें, तेंच येथें त्याचें रक्षण करतें.

दुरुस्तीसाठीं असें यंत्र नागपुरास नेणें म्हणजे सुमारें १३० किलोमीटर पाण्यानें भरलेली कांचेची पेटी हलवीत नेणें होय. नेलेंच तर पाणी काढून न्यावें. घरीं उघडल्यास पुन्हां भरण्याचें पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित हवें, आणि त्यांत शेवाळ व गंज रोखणारें द्रव्य नेमक्या मात्रेंत हवें. भरल्यावर मदरबोर्डाला वीज न देतां केवळ पंपाला वीज देऊन तो एक रात्रभर चालूं द्यावा, प्रत्येक जोडाखालीं पांढरा टिपकागद ठेवावा, आणि सकाळीं कागद कोरडे आहेत असें पाहूनच संगणक सुरू करावा. त्याच दिवशीं दोन्ही वजाबाक्या तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आंतल्या अंगाला चिकटवावी, म्हणजे पुढल्या वैशाखांत तुलनेला आंकडे हाताशीं असतील.